भात कोणाचे?

विकासाच्या इतिहासात आकड्यांना मोठा मान असतो. किती जमीन भिजली, किती धान्य पिकले, किती कर्ज फिटले याचे तक्ते अहवालांच्या अखेरीस नीट मांडलेले आढळतात. पिकलेले धान्य कोणाच्या कणगीत गेले आणि ते विकण्याचा अधिकार कोणाचा होता, हा प्रश्न मात्र त्या तक्त्यांत क्वचितच दिसतो. वरवर पाहता तो घरातला प्रश्न आहे. परक्या देशातून आलेल्या अभियंत्याने वा शेतीतज्ज्ञाने त्यात का पडावे, असे कोणालाही वाटेल. परंतु तो न विचारता केलेला विकास स्त्रियांना पुढे नेण्याऐवजी त्यांच्या हाती असलेलेही काढून घेऊ शकतो, याची साक्ष पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या लहानशा देशाने दिली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे एकामागून एक चार परदेशी भातशेती योजना आल्या. त्यांची कथा आमच्या वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. लावणीच्या दिवसांत कंबर मोडेपर्यंत चिखलात राबणाऱ्या आया आणि आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

नदीकाठचा देश

गांबिया म्हणजे एका नदीचे दोन काठ. तीन बाजूंनी सेनेगल आणि पश्चिमेस अटलांटिक महासागर, अशा बेचक्यात हा चिंचोळा देश वसला आहे. क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या आपल्या ठाणे जिल्ह्याहून थोडे अधिक. १८ फेब्रुवारी १९६५ रोजी तो ब्रिटिश सत्तेतून मुक्त झाला.

नदीचा उतार अत्यंत मंद असल्यामुळे समुद्राची भरती तिच्या पात्रात फार आतवर जाते. मुखाकडील भागात पाणी खारे असते, तर मध्यभागात भरतीच्या रेट्याने गोडे पाणीच वर चढते आणि काठच्या पाणथळ जमिनीत पसरते. उधाणाचे आणि भांगाचे गणित जाणणाऱ्या आमच्या किनारपट्टीच्या शेतकऱ्याला ही रचना चटकन उमगेल. अशा जमिनीत कोठे कोणत्या जातीचे भात लावावे, पाणी केव्हा आत घ्यावे, क्षार केव्हा धुऊन जातात, हे ज्ञान पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवावाचून येत नाही. पश्चिम आफ्रिकेत भाताची एक स्वतंत्र जात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लागवडीखाली आली. आशियातील भाताशी तिचा उगम जोडलेला नाही. गांबियाची भातशेती त्या प्राचीन परंपरेतील आहे.

ही परंपरा तेथे मुख्यतः स्त्रियांनी सांभाळली. नदीकाठी राहणाऱ्या मांडिंका समाजात कामाची वाटणी स्पष्ट असे. वरकस जमिनीवर पुरुष भुईमूग, ज्वारी, बाजरी यांसारखी पिके घेत. सखल पाणथळ जमिनीत स्त्रिया भात लावीत. बियाणे निवडण्यापासून झोडणीपर्यंतचे सारे ज्ञान आईकडून लेकीकडे जाई.

या शेतीत हक्काचे दोन प्रकार होते आणि पुढील सारी कथा त्या दोन शब्दांभोवती फिरते. पहिला शब्द 'मारुओ'. मारुओ म्हणजे साऱ्या कुटुंबाचे शेत. तेथे घरातील सर्वांनी राबायचे आणि पीक कुटुंबप्रमुखाच्या देखरेखीखाली सर्वांच्या पोटासाठी वापरायचे. दुसरा शब्द 'कामान्यांगो'. कामान्यांगो म्हणजे स्वतःचे शेत. घराच्या शेतात राबण्याच्या बदल्यात प्रत्येक सज्ञान व्यक्तीला, मग ती स्त्री असो वा पुरुष, स्वतःसाठी काही जमीन कसण्याचा हक्क मिळे आणि त्या जमिनीतील पीक तिचे स्वतःचे असे. ते खावे, विकावे वा माहेरी द्यावे, हा तिचा प्रश्न. शिवाय जी पाणथळ जमीन एखाद्या स्त्रीने स्वतः साफ करून लागवडीस आणली, तिच्यावर तिचा व्यक्तिगत हक्क मानला जाई आणि ती जमीन आई आपल्या मुलीस देऊ शके.

हा समाज स्त्रीपुरुष समतेचा आदर्श होता, असे आम्हांला सुचवावयाचे नाही. बहुपत्नीत्व होते, कष्टाचा भार विषम होता, गावचा कारभार पुरुषांकडे होता. तथापि स्त्रीच्या हाती स्वतःचे म्हणता येईल असे एक पीक होते, आणि त्या पिकाच्या बळावर घरात तिच्या शब्दाला काही वजन होते. बाहेरून आलेल्या विकासकांनी नेमकी हीच गोष्ट पाहिली नाही.

तज्ज्ञ आले, शेतकरीण दिसली नाही

ब्रिटिश राजवटीत गांबियाची सारी अर्थव्यवस्था भुईमुगावर उभी राहिली. पुरुषांचे श्रम त्या नगदी पिकाकडे वळले आणि अन्नधान्य कमी पडू लागले. उरलेली भूक भागवण्याचा बोजा स्त्रियांच्या भातावर पडला. त्यांनी तो पेललाही. नदीकाठच्या दलदलीत जाण्यासाठी सरकारने लहान पूल आणि भराव घातले, तेव्हा स्त्रियांनी दूरवरच्या जमिनी साफ करून लागवड वाढवली. खर्चाच्या मानाने मोठे फळ देणारी ही मदत होती, कारण जी शेती करीत होती तिची वाट तेवढी सुकर करून दिली गेली.

याच्या अगदी उलट प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर घडला. १९४८ साली ब्रिटनने वसाहतींच्या विकासासाठी एक महामंडळ स्थापन केले. त्याने गांबियात युंडुम येथे अंडी उत्पादनाचा एक प्रचंड प्रकल्प काढला. तो १९५१ पर्यंत पूर्णपणे फसला आणि ब्रिटिश संसदेत हसण्यावारी गेला. त्याच महामंडळाने वालिकुंडा येथे यांत्रिक भातशेतीही हाती घेतली आणि तीही यशस्वी झाली नाही. यंत्रे आली, पैसा आला, साहेब आले. त्या मातीत भात पिकवणाऱ्या बाईला मात्र कोणी काही विचारले नाही.

स्वातंत्र्यानंतरचे दशक हे साऱ्या जगात विकासाच्या घोषणेचे दशक होते. संयुक्त राष्ट्रसंघाने १९६० नंतरची दहा वर्षे विकास दशक म्हणून जाहीर केली होती. डिसेंबर १९६४ मध्ये युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईत आले असता पोप सहावे पॉल यांनी शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग वाचवून गरिबांसाठी जागतिक निधी उभारावा, असे आवाहन केले होते. १९६७ च्या 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ' या विश्वपत्रात त्यांनी मुंबईच्या त्या आवाहनाची पुन्हा आठवण दिली. श्रीमंत देशांची मदत गरीब देशांकडे वाहू लागली, ही गोष्ट इष्टच होती. पण ती मदत गावात पोचल्यावर कोणत्या घराच्या कोणत्या हाती पडते, याचा विचार त्या काळी फारसा कोणी करीत नव्हते.

गांबियात १९६६ मध्ये तैवानचे शेतीतज्ज्ञ आले. नदीकाठी लहान लहान क्षेत्रांत पंपाने पाणी देऊन वर्षातून दोनदा भात घेण्याची त्यांची पद्धत होती. ते निष्णात होते, मेहनती होते. पण त्यांच्या मायदेशात भातशेतीचा कर्ता पुरुष मानला जाई, आणि गांबियातही तसेच असणार, हे त्यांनी गृहीत धरले. प्रशिक्षण पुरुषांना दिले. जमीन साफ करण्यासाठी पुरुषांना पुढे केले. स्वस्त कर्ज, सुधारित बियाणे, खत आणि खात्रीची बाजारपेठ हे सारे पुरुषांच्या नावे झाले. १९७३ ते १९७६ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने दुसरी योजना झाली. १९७४ च्या अखेरीस गांबियाने चीनच्या जनता प्रजासत्ताकाशी राजनैतिक संबंध जोडले, तैवानचे पथक परत गेले आणि त्यानंतर चिनी तज्ज्ञांची योजना सुरू झाली. तीन योजना, तीन राजवटी. भांडवलशाही आणि साम्यवाद यांत एरवी केवढे अंतर! पण गांबियाच्या चिखलात उतरताच तिघांनाही शेतकरी म्हणून पुरुषच दिसला.

परिणाम काय झाला? ज्या पाणथळ जमिनींचे वाफे झाले, तेथे आधी स्त्रिया पावसाळी भात घेत होत्या. सुधारणा झाल्यावर तीच जमीन पुरुषांच्या ताब्यात गेली. पीक नगदी झाले, आणि नगदी झाले म्हणून पुरुषाचे झाले. लावणी आणि बेणणीचे काम मात्र स्त्रियांवाचून अडू लागले, कारण ते कौशल्य त्यांच्याच हातांत होते. काल जेथे ती स्वतःच्या शेताची धनीण होती, तेथे आज ती नवऱ्याच्या शेतावरील मजूर झाली. त्यामुळे जेथे शक्य होते तेथे स्त्रियांनी आपल्या उरलेल्या शेताला अग्रक्रम दिला. ओलिताच्या वाफ्यांना वेळेवर हात मिळेनासे झाले. लागवडीचे क्षेत्र आणि उत्पादन, दोन्ही अपेक्षेपेक्षा कमी राहिले. कित्येक वाफे ओसाड पडले. ब्रिटिश संशोधिका जेनी डे यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या तिन्ही योजनांचा ताळेबंद मांडला. स्त्रीवर अन्याय झाला आणि भातही पिकले नाही, हा त्याचा इत्यर्थ होता.

जगाच्या व्यासपीठावर

गांबियात हे घडत असताना जगाच्या व्यासपीठावर एक नवा विचार मूळ धरीत होता. डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसेरप यांनी १९७० मध्ये आर्थिक विकासातील स्त्रीच्या भूमिकेवर एक ग्रंथ लिहिला. १९५७ ते १९६० या काळात त्या भारतात राहून संशोधन करीत होत्या. पुढे त्यांनी आफ्रिकेतील शेतीचाही अभ्यास केला. आफ्रिकेच्या मोठ्या भागात अन्नधान्य पिकवणारी स्त्रीच आहे, असे त्यांनी दाखवून दिले. वसाहतवादी अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या तज्ज्ञांनी नवे अवजार, नवे बियाणे, नवे शिक्षण पुरुषाच्या हाती दिले, आणि स्त्री जुन्या कुदळीशी तशीच राहिली. म्हणून विकासाबरोबर दोघांतील अंतर वाढत गेले, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या विचाराला लवकरच संस्थात्मक रूप आले. १९७३ मध्ये अमेरिकेने आपल्या परदेशी मदतीच्या कायद्यात स्त्रियांचा विचार करणे बंधनकारक केले. भारतात १९७१ मध्ये नेमलेल्या समितीचा 'समानतेकडे' हा अहवाल १९७४ च्या अखेरीस तयार झाला आणि स्वातंत्र्यानंतर स्त्रियांची स्थिती आपोआप सुधारली या समजाला त्याने धक्का दिला. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष ठरले. त्या वर्षी मेक्सिको शहरात १३३ राष्ट्रांचे प्रतिनिधी पहिल्या जागतिक महिला परिषदेसाठी जमले आणि समता, विकास व शांती ही त्रिसूत्री जाहीर झाली. त्यानंतरचे दशक महिला दशक मानले गेले. १८ डिसेंबर १९७९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नाहीसा करण्याचा करार संमत केला. त्यातील चौदावे कलम खास ग्रामीण स्त्रियांसाठी आहे. शेतीकर्ज, बाजारपेठ, तंत्रज्ञान आणि जमीनसुधारणा यांत त्यांना समान वागणूक मिळावी, असे ते सांगते. भारत आणि गांबिया या दोन्ही देशांनी १९९३ मध्ये या कराराला अनुसमर्थन दिले.

आता पारडे फिरले असे वाटावे, अशी ही प्रगती होती. तिची कसोटी पुन्हा गांबियाच्याच भातखाचरात लागली.

नाव तिचे, पीक त्याचे

ग्रामीण गरिबांसाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने अन्य देणगीदारांसह जाहाली-पाचार ही योजना हाती घेतली. नदीच्या दक्षिण काठावरील दोन मोठ्या पाणथळींत सुमारे १,५०० हेक्टर क्षेत्र तिच्याखाली यावयाचे होते. त्यांपैकी काही पंपाने भिजणारे आणि उरलेले भरतीच्या पाण्यावरचे. १९८४ मध्ये ती प्रत्यक्षात आली. पूर्वीच्या तीन योजनांवरील टीका आता सर्वांना ठाऊक होती. म्हणून वाफे स्त्रियांना मिळावेत, हे या योजनेच्या उद्दिष्टांतच नमूद होते.

पहिल्या वाटपात तरीही बहुतांश वाफे पुरुष कुटुंबप्रमुखांकडे गेले. आक्षेप आले, तेव्हा नोंदी बदलल्या आणि बहुसंख्य वाफे स्त्रियांच्या नावे लागले. कागदावर हा मोठाच विजय होता. देणगीदारांच्या अहवालात तो तसा नोंदला गेला.

घरात मात्र दुसरेच घडले. वर्षाला दोन पिके घ्यायची, ठरल्या दिवशी नांगरट, ठरल्या दिवशी लावणी, आणि हंगामाच्या शेवटी पाणी, खत, नांगरट यांचे पैसे फेडायचे, असा योजनेचा शिस्तबद्ध क्रम होता. तो पाळायचा तर साऱ्या कुटुंबाचे श्रम लागणार. तेव्हा कुटुंबप्रमुखांनी म्हटले की, हा वाफा म्हणजे घराचे शेत, मारुओ. व्यवस्थापनालाही कर्जवसुलीसाठी तेच सोयीचे वाटले. नोंदवहीत नाव स्त्रीचे राहिले, पण शेत मारुओ ठरताच पीक कुटुंबप्रमुखाच्या अखत्यारीत गेले. कामान्यांगोचा जुना हक्क एकाही कायद्याने रद्द झाला नव्हता. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला एवढेच. ज्या पाणथळींत स्त्रियांची स्वतःची शेते होती, तीच जमीन आता योजनेखाली गेल्याने दुसरीकडे स्वतःचे काही लावण्याची सोयही उरली नाही. पूर्वी उन्हाळ्याच्या दिवसांत भातशेतीतून थोडी उसंत मिळे; आता दोन पिकांमुळे बारा महिने चिखल पाचवीला पुजला.

अमेरिकन भूगोलतज्ज्ञ ज्युडिथ कार्नी यांनी या योजनेतील घरोघरच्या तंट्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून दिसणारे चित्र विशेष बोलके आहे. स्त्रियांनी मोर्चे काढले नाहीत की निवेदने छापली नाहीत. त्यांनी घरात आपला जुना करार पुढे ठेवला: घराच्या शेतात राबायचे तर त्या बदल्यात माझे शेत कोठे आहे? काही घरांत नवऱ्यांनी समजुतीने अन्यत्र एखादा तुकडा पत्नीला स्वतःसाठी दिला. काही घरांत पिकाचा ठरावीक वाटा तिला मिळू लागला. जेथे काहीच मिळाले नाही, तेथे स्त्रियांनी वाफ्यात उतरण्यास नकार दिला. त्या गावातील स्त्रियांच्या जुन्या कामकरी मंडळांतून एकत्र आल्या आणि इतरांच्या वाफ्यांत रोख मजुरीने लावणी करू लागल्या. स्वतःच्या घराच्या वाफ्यात फुकट राबण्यापेक्षा शेजारच्या वाफ्यात दाम घेऊन राबणे त्यांनी पसंत केले. श्रमाच्या या ताणाताणीत लावणीचे वेळापत्रक कोलमडू लागले आणि योजनेचे गणित पुन्हा एकदा बिघडले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे, असे आम्ही सुचवतो. पहिल्या तीन योजनांनी स्त्रीला पाहिलेच नाही. चौथीने तिला पाहिले, तिचे नावही लिहिले. तरीही फळ जवळजवळ तेच आले. याचे कारण नाव म्हणजे हक्क, अशी समजूत करून घेतली गेली. हक्क म्हणजे पिकावरचा शब्द, वेळेवरचा शब्द आणि नाही म्हणण्याची मुभा. यांतील काहीही हाती नसेल तर नोंदवहीतील नाव हे केवळ अहवालाच्या उपयोगाचे ठरते.

बागेवर पडलेली सावली

महिला दशकाच्या प्रेरणेने गांबियात आणखी एक काम झाले, आणि ते बराच काळ यशस्वी ठरले. नदीच्या उत्तर काठावरील केरेवान परिसरात व अन्यत्र स्वयंसेवी संस्थांनी स्त्रियांच्या भाजीपाल्याच्या बागांना मदत केली. विहिरी खोदून दिल्या, कुंपणाला तार दिली, बियाणे दिले. पाऊस कमी झाल्याने भुईमूग आणि भात दोन्ही बेभरवशाचे झाले होते. अशा वेळी स्त्रियांनी विहिरीतून हाताने पाणी शेंदून टोमॅटो, कांदा, कोबी पिकवला आणि बाजारात नेला. पुष्कळ घरांत तिची कमाई नवऱ्याच्या भुईमुगाहून अधिक होऊ लागली. पुरुष कुरकुरत म्हणू लागले की, बायका आपल्या दुसऱ्या नवऱ्याकडे, म्हणजे बागेकडे, गेल्या आहेत. पण घरातले मीठमिरची, मुलांचे कपडे आणि शाळेचा खर्च त्याच बागेतून निघत असल्याने कुरकुर पुढे मावळत गेली.

मग १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस देणगीदारांच्या मनात पर्यावरणाची चिंता जागी झाली. वाळवंट पुढे सरकते आहे, तेव्हा झाडे लावा, असा धोशा सुरू झाला. झाडे कोठे लावायची? जेथे विहीर आहे, कुंपण आहे आणि रोज पाणी घालणारे हात आहेत तेथे. म्हणजे स्त्रियांच्या बागेत. जमीन मुळात गावातील मूळ घराण्यांच्या पुरुषांची, आणि तिकडील रूढीप्रमाणे ज्याचे झाड त्याची जमिनीवर पकड पक्की. त्या पुरुषांनी बागांमध्ये आंबा आणि संत्र्याची रोपे लावली. भाजीबरोबर त्यांनाही स्त्रियांनीच पाणी घातले. चारपाच वर्षांत झाडे वाढली, सावली दाट झाली आणि सावलीखाली भाजी खुरटली. अमेरिकन अभ्यासक रिचर्ड श्रोडर यांनी हा सारा क्रम आपल्या १९९९ च्या ग्रंथात वर्णिला आहे. स्त्रियांनी फांद्या छाटल्या, काही ठिकाणी रोपे उपटली, काही ठिकाणी बाग सोडून दुसरीकडे गेल्या.

एका चांगल्या हेतूने उभे केलेले काम दुसऱ्या चांगल्या हेतूने झाकोळून टाकले. झाडे लावणारे दुष्ट नव्हते. पण ज्या जमिनीवर स्त्रीचा हक्क केवळ कसण्यापुरता आणि दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, तेथे तिची कमाईही मर्जीवरच राहते, हे त्यांनी ध्यानात घेतले नाही.

पुढे काय झाले

१९८४ मध्ये, नैरोबीच्या जागतिक महिला परिषदेच्या आदल्या वर्षी, आपल्या बंगळूर शहरात तिसऱ्या जगातील काही विदुषी एकत्र आल्या. त्यांनी 'डॉन' या नावाचे अभ्यासमंडळ स्थापन केले. स्त्रियांना विकासात सामावून घ्या, एवढी मागणी त्यांना पुरेशी वाटली नाही. ज्यात सामावून घ्यायचे तो विकास कसला आहे, हेही तपासा, असे त्यांचे म्हणणे होते. गांबियाचा अनुभव याच म्हणण्याला दुजोरा देतो. १९९५ च्या बीजिंग परिषदेने जमीन, वारसा आणि कर्ज यांवरील स्त्रीचा अधिकार आपल्या कार्यक्रमात घेतला. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने आपल्या विखुरलेल्या विभागांचे एकत्रीकरण करून स्त्रियांसाठी एक स्वतंत्र संस्था निर्माण केली. त्याच वर्षी गांबियाच्या संसदेने महिला कायदा संमत करून आंतरराष्ट्रीय करारातील तत्त्वे आपल्या कायद्यात आणली. कायदा झाला म्हणून प्रत्येक वाफ्यात न्याय झाला, असे नव्हे; पण ज्या स्त्रीला घरात आपला करार एकटीने मांडावा लागत होता, तिच्या पाठीशी आता एक लिखित शब्द आहे.

या इतिहासातून आम्ही आमच्या अंगणाकडे वळून पाहावे, असे आम्हांला वाटते. आम्हां ख्रिस्ती लोकांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा मृत्युपत्र नसताना मुलगा आणि मुलगी यांत भेद करीत नाही. कागदावर आमची लेक आपल्या भावाची समान वाटेकरी आहे. तरीही जमिनीला भाव आला की बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. भाऊबंदकी नको, माहेर तुटायला नको, म्हणून त्या सही करतात. कोणी त्यांना बळजबरी केलेली नसते. तशीच ती जाहाली-पाचारच्या नोंदवहीतही नव्हती. जुन्या करारात सलाफहादच्या पाच मुलींनी मोशेसमोर उभे राहून पित्याच्या वतनात वाटा मागितला आणि त्यांची मागणी रास्त ठरली. त्यांची नावे शास्त्रात जपली गेली आहेत. ती कथा मिस्सेनंतर दारात विसरून येण्यासाठी नाही.

आमच्या धर्मग्रामांतही बचत गट आहेत, महिला मंडळे आहेत, शासनाच्या आणि परदेशी संस्थांच्या साहाय्याने चालणारे उपक्रम आहेत. अशा प्रत्येक उपक्रमाच्या सभेत गांबियाच्या स्त्रियांचे साधे प्रश्न विचारता येण्यासारखे आहेत. कर्ज तिच्या नावावर असेल तर पैसा कोणी वापरला? काम वाढले असेल तर तिचा कोणता वेळ गेला? जमीन दुसऱ्याची असेल तर ती किती वर्षांसाठी आणि कोणत्या लेखी अटींवर? आणि हंगाम संपल्यावर घरात आलेला पैसा खर्च करताना तिचा शब्द विचारात घेतला गेला का? हे प्रश्न घर मोडणारे नाहीत. मांडिंका स्त्रियांनी घर मोडले नाही. घराच्या शेतात राबण्याची त्यांची तयारी नेहमीच होती. आपल्या श्रमाचा मोबदला म्हणून त्यांना त्याच घरात आपले एक शेत हवे होते.